बाईच्या हातात किती पडतात?

‘काका, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? बाई चांगली मिळाली की झालं ना?’

हे मला फोनवर ऐकवलं गेलं त्याला दोन वर्षं होत आली. पलीकडे पनवेलकडच्या एका एजन्सीचा मॅनेजर होता. घरी पडून असलेल्या माणसाची उठबस करायला बाई पाठवणारी एजन्सी. मी त्याला एवढंच विचारलं होतं, की मी तुम्हाला महिन्याला २४ हजार देतो, त्यातले बाईच्या हातात किती पडतात? उत्तर मला आधीच ठाऊक होतं. आईची चादर बदलता बदलता त्यांच्या पहिल्या बाईनेच सांगितलं होतं. १४. तेही पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टरकी केली, शेवटची बरीच वर्षं महाड डेपोत. सुटे नाहीत म्हणणाऱ्याच्या खिशात सुटे आहेत की नाहीत, हे मला चेहऱ्यावरून कळायचं. माणूस पारखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. एजन्सी निवडताना त्या पारखीचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण पारखायला समोर माणूसच नव्हता. होता तो फोन, आणि त्यात एक गोड आवाज.

आई तेव्हा ८३ वर्षांची. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालं की कापडे लागतं, तिथून आत आमची वाडी. गणपतीत आणि शिमग्याला घरं भरतात. एरवी निम्म्या दारांना कुलपं, आणि ज्यांना नाहीत त्या घरांत एकेक म्हातारं माणूस. माझा एक भाऊ नालासोपाऱ्याला, एक दिव्याला, बहीण खेडला. मी महाडात, म्हणजे सगळ्यांत जवळचा. जूनच्या पहिल्या पावसात आई मागीलदारी शेवाळावर घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, चालवा. आई म्हणाली, आता कुठे जायचंय चालून? आणि तिने अंथरूण धरलं.

भावांनी फोनवरून ‘आईला परक्याच्या हातात देऊ नको’ असं सांगितलं. सांगणाऱ्याने एकदा तरी ६८ किलोची म्हातारी एकट्याने कुशीवर वळवून बघावी, एवढंच माझं म्हणणं. माझी बायको साठीची, तिची कंबर आधीच गेलेली. चौथ्या दिवशी आम्ही बाई शोधायला लागलो.

महाडात अशा कामाला पाटी लावून बसलेलं मला कोणी सापडलं नाही. नंबर मिळाले ते मेडिकलवाल्याकडून आणि हॉस्पिटलच्या वॉचमनकडून. चार नंबर, चारही बाहेरचे. चौघांनीही आधी दर सांगितला, मग घर कुठे आहे ते विचारलं. पोलादपूर म्हटल्यावर दोघांनी फोन ठेवला. तिसऱ्याने विचारलं, रेंज येते का? मला वाटलं, डॉक्टरांशी बोलायला विचारत असेल. तो बाईसाठी विचारत होता.

आमच्या वाडीत रेंज येते ती मारुतीच्या देवळामागे कातळावर उभं राहिलं तर. पहिली बाई परभणीकडची होती. कामाला वाघ. आईला ती दोन दिवसांत ‘आजी’ म्हणायला लागली आणि आई तिच्या हातून पेज प्यायला लागली, जी आमच्या हातून पीत नव्हती. पण तिची सात वर्षांची मुलगी परभणीला आजीकडे. रोज रात्री मुलीचं तोंड बघायला ही बाई भर पावसात, हातात बॅटरी घेऊन, कातळावर जायची. सतराव्या दिवशी म्हणाली, दादा, मला नाही जमणार. मी तिला अडवलं नाही. आईला मी महाडला आणलं, त्यात डॉक्टर जवळ असण्याचा वाटा अर्धा आणि रेंजचा अर्धा. घर पहिल्या मजल्यावर आहे. २०२१ च्या पुरानंतर महाडात तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेलं माणूस ठेवायची कोणाची छाती होत नाही.

पुराचा विषय मी एजन्सीकडेही काढला होता. म्हटलं, २२ जुलै २०२१ ला इथे काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तळीये गाडलं गेलं, पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, आंबेनळी घाट बंद, महाड पाण्यात. असं काही झालं आणि तुमची बाई आमच्याकडे अडकली, किंवा सुट्टीला गेलेली परत येऊ शकली नाही, तर तुम्ही काय करता? मॅनेजर म्हणाला, ‘काका, आपली २४ तासांत रिप्लेसमेंट गॅरंटी आहे.’ त्याने प्रश्न ऐकलाच नव्हता. छापील पत्रकावरची ओळ वाचून दाखवली. मी तरीही पैसे भरले. ३ हजार नोंदणी, एका महिन्याचे आगाऊ, आणि पावती म्हणून कोणाच्या तरी खासगी नावावर गेलेल्या पैशांचा मोबाईलमधला फोटो. कोणी प्रवाशाने असल्या फोटोवर माझ्या गाडीत बसायचा प्रयत्न केला असता, तर मी त्याला खाली उतरवला असता.

तो फोटो पुढे नडला. सेवेत कसूर झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आपल्या जिल्ह्याचा आयोग अलिबागला आहे. पण संस्थेच्या नावाची पावती हातात नसताना अलिबागला जाऊन दाखवणार काय?

दुसरी बाई म्हणून आली ती बाई नव्हतीच, पोर होती. बाविशीची. तिच्यासोबत व्हॉट्सॅपवर प्रमाणपत्र आलं, शिक्क्याचं, सोनेरी किनारीचं. पोलीस पडताळणीचा म्हणून जो कागद आला, तो नीट वाचल्यावर नुसत्या अर्जाची पोच निघाली. प्रमाणपत्रावर सहा महिन्यांचा कोर्स लिहिला होता. एजन्सी तिला ‘नर्स’ म्हणत होती. नर्स म्हणजे जिचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत आहे ती, आणि तिथे नाव लागायला एएनएमची दोन वर्षं किंवा जीएनएमची तीन वर्षं काढावी लागतात. हे मला महाडच्या एका सिस्टरने सांगितलं, तेही नंतर. आईला नर्स लागतच नव्हती. लागत होती ती वळवणारी, पुसणारी, भरवणारी, आणि रात्री हाकेला ओ देणारी बाई. नर्स नसलेल्या पोरीला नर्स म्हणायची गरज मला नव्हती. ती त्यांना होती.

कागदाबद्दल आम्हा महाडकरांना कोणी शिकवू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसट्या त्यात गेल्या, माझ्याच खात्याची माणसं आणि त्यांचे प्रवासी. त्या पुलाची त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. तेव्हापासून सोनेरी किनारीचा कागद दिसला की मी खाली पाणी किती आहे ते बघतो.

त्या पोरीचा दोष मी आजही धरत नाही. शिकताना पुतळ्याला वळवलं होतं, असं तिने स्वतःच सांगितलं. तिचं वजन चाळीस असेल नसेल, आईचं ६८. चारपैकी एकाही एजन्सीने मला आईचं वजन विचारलं नव्हतं. गिळता येतं का, कानाने ऐकू येतं का, कोणत्या कुशीवर दुखतं, हेही नाही. ‘लेडी पेशंट, बेडरिडन’ एवढं लिहून घेतलं. मालाच्या ट्रकलासुद्धा आधी टनभार विचारतात.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर बेडसोर होतील. म्हणून मी १०० पानी वही आणली, रकाने आखले. वेळ, डावी कूस, उजवी कूस, उताणी, पाणी, लघवीची पिशवी, औषध. बायको हसून म्हणाली, झालं तुमचं कंडक्टरचं वेबिल सुरू. म्हणू दे. नोंदीचं मोल या तालुक्याला नव्याने सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले आणि विंचू चावलेल्या माणसांच्या उशाशी बसून, बघून, लिहून त्यांनी जे शोधलं ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आमची वही काही लॅन्सेटला जाणार नव्हती. पण रोज सकाळी चहाबरोबर मी ती तपासायचो.

दहाव्या-अकराव्या दिवशी माझं लक्ष गेलं. रात्रीच्या सहा नोंदी. दहा, बारा, दोन, चार, सहा, आठ. एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने, एका दमात. सहाही ओळी एकाच कोनात उजवीकडे चढत गेलेल्या. रात्री अर्धवट झोपेत लिहिणाऱ्याचं अक्षर दर वेळी वेगळं येतं, कधी रेघ सोडून जातं, कधी आकडा खोडला जातो. ही नोंद टप्प्याटप्प्याला न भरता शेवटच्या स्टॉपवर एकदम भरलेल्या वेबिलासारखी होती. मला ते ओळखू आलं, कारण ६ जूनच्या गर्दीत रायगडच्या गाडीला मीही एक-दोनदा तसंच भरलं आहे. निवृत्त झालोय, आता सांगायला हरकत नाही.

मी बायकोला हाक मारली. दोघांनी आईला कुशीवर घेतलं. माकडहाडाच्या वर रुपयाएवढा लाल डाग होता. सिस्टरने शिकवलं होतं तसं मी त्यावर बोट दाबलं आणि उचललं. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. ती पांढरी पडली नाही. कडेला कातडी ओलसर, चहात बुडवलेल्या पावासारखी. आई म्हणाली, काय बघताय रे एवढं?

पोरगी दारात उभी होती. मी तोंड उघडायच्या आधीच रडायला लागली. आमच्याकडे यायच्या आदल्या दिवसापर्यंत ती दुसऱ्या घरी २४ तासांच्या ड्युटीवर होती, मधे एकही दिवस सुट्टी नाही. तिला मिळणार होते ११ हजार. झोप येत होती, असं म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

२४ तासांची ड्युटी. हा शब्द मी महिनाभर बिनदिक्कत वापरत होतो. एसटीत आम्ही आठ तासांच्या ड्युटीसाठी, ओव्हरटाइमसाठी, मुक्कामी गाडीवर झोपायला धड जागा मिळावी म्हणून भांडलो. मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा आम्हाला तोंडपाठ. आणि माझ्याच घरात एक पोर २४ तास काम करते, याचं मला काही वाटलं नाही. वर माझ्या बायकोने तिला दुपारी तांदूळ निवडायला दिले होते, ‘बसल्या बसल्या’ म्हणून. सगळं एजन्सीच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मॅनेजरला फोन केला तो यानंतर. ११ नाहीतर १४ बाईला, उरलेले तुम्हाला, हा हिशोब मला समजावून सांगा, म्हटलं. एजन्सीने पैसे घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. बाई गावाहून आणायची, तिला दोन घरांच्या मधे कुठेतरी ठेवायची, गिऱ्हाईक बाईला परस्पर फोडतं ते सोसायचं, एखाद्या घरात तिच्याशी कोणी वंगाळ वागलं तर तिला तिथून काढायची, याला पैसे लागतात. पण ते दहा हजार कुठे जातात, हे सांगता आलं पाहिजे. आठवड्याला एकदा कोणी अनुभवी सिस्टर येऊन आईची पाठ बघून जात असती, तर मी म्हटलं असतं, हे घ्या तिचे पैसे. बाईला आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवशी बदली बाई, तर म्हटलं असतं, हे बदलीचे. वही वाचायला कोणी असतं तर त्याचे. यातलं काहीच नव्हतं. माझे दहा हजार फक्त त्या नंबरचे होते, जो मला वॉचमननेही फुकट दिला होता.

म्हणून मला कोणी विचारलं, एजन्सी कशी निवडायची, तर मी तारांकित रेटिंग आणि वेबसाइटवरचे हसरे फोटो सोडून आधी हा प्रश्न विचारायला सांगतो. बाईला किती, कोणत्या तारखेला, आणि सुट्टी कधी. तिला नीट पैसे वेळेवर मिळत असतील तर ती टिकते, आणि टिकली तर तिला आजी कोणत्या कुशीवर कण्हते ते कळतं. सुट्टी मिळत असेल तर बदलीची व्यवस्था खरोखरच आहे, नुसत्या पत्रकावर नाही. आणि हे सांगायला जो कचरतो, तो उद्या औषधाची मात्रा चुकली तर तेही सांगणार नाही. बाकीचे प्रश्न आहेतच: पक्की पावती कोणाच्या नावाची, बाईचा आधीचा मालक फोनवर बोलेल का, रात्री अडीचला तुमच्याकडे फोन कोण उचलतं. हा शेवटचा तर विचारूही नका, रात्री अडीचला लावूनच बघा. मी लावला होता. दुसऱ्या दिवशी अकराला मेसेज आला, ‘हाय’.

आता थोडं सरकारबद्दल. मला गाडीत तिकिटं फाडायला आरटीओचा परवाना लागला, बिल्ला लागला, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागलं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्राच्या कायद्याने परवाना घ्यावा लागतो. आणि आत, वरच्या मजल्यावर, हलता न येणाऱ्या म्हातारीच्या खोलीत माणूस पुरवणाऱ्याला? ऑफिसच्या भिंतीवर ‘शासनमान्य’ म्हणून फ्रेम करून लावलेला कागद बहुतेक वेळा दुकान-आस्थापनेचा किंवा उद्यम नोंदणीचा असतो. तो वडापावच्या गाडीवाल्यालाही मिळतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. त्यात घरी जाऊन काळजी घेणाऱ्या संस्थांच्या नोंदणीची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, आणि २०२४ मध्ये लोकसभाच विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. म्हातारी माणसं मात्र विसर्जित होत नाहीत.

केरळने २००८ मध्ये घरी पडून असलेल्या अशा माणसांच्या काळजीसाठी धोरणच केलं. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्सने फेरी मारायची व्यवस्था पंचायतींमार्फत चालते. आमच्याकडे लगेच तसं व्हावं असं मी म्हणत नाही. पण महाडच्या आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस या दोन तालुक्यांतल्या बायकांना खऱ्या माणसाला वळवायला शिकवलं, आणि त्यांची नावं, दर, सुट्टी यांची यादी तिथेच फळ्यावर लावली, तर परभणीच्या बाईला मुलगी सोडून आमच्या कातळावर उभं राहायची वेळ येणार नाही. सासू-सासऱ्यांचं सगळं अंथरुणात केलेल्या बायका इथे गावोगाव आहेत. त्या कामाचे पैसे मिळतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

अशीच एक बिरवाडीकडची बाई मेडिकलवाल्याने सुचवली. सासूला सहा वर्षं सांभाळलेली. तिने दारातूनच आईकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, यांची उशी एवढी उंच का? मग म्हणाली, दोन दिवस करून बघते, जमलं तर पैशाचं बोलू. ठरले १७ हजार, रविवारी सुट्टी. रविवारी आम्ही नवरा-बायको, गणपतीत खेडची बहीण. जखम भरायला अडीच महिने गेले. त्या बाईचा मुलगा तापाने आडवा झाला तेव्हा ती आठ दिवस आली नाही आणि आमचे पुरते हाल झाले. म्हणजे थेट बाई ठेवली की सुटलो, असं नाही. नालासोपाऱ्यात बसून गावच्या आईची व्यवस्था बघणाऱ्याला तर एजन्सीशिवाय गत्यंतरच नाही. एजन्सी हवीच. पण जिला आपला हिशोब सांगता येतो अशी.

आई गेल्या मार्गशीर्षात गेली. पाठ स्वच्छ होती.

परवा माझ्या गाडीवरच्या जुन्या ड्रायव्हरची मुलगी घरी आली. बापाला अर्धांगवायू झाला आहे, उजवी बाजू गेली. हातात चिठ्ठी, त्यावर तीन नंबर. म्हणाली, काका, यातली कुठली एजन्सी चांगली? मी स्पीकरवर पहिला नंबर लावला. दर सांगून झाल्यावर विचारलं, माणसाला किती देता? ‘ते आमचं अंतर्गत आहे.’ दुसऱ्याने फोन कट केला. तिसऱ्या नंबरवर एक बाई होती, आवाज घोगरा, मागे कुकरची शिट्टी. म्हणाली, ब्रदर पाहिजे ना? २३ घेते, त्याला १७ देते, पाच तारखेला. महिन्याला चार सुट्ट्या, त्या दिवशी दुसरा येईल, त्याचं भाडं तुम्ही द्यायचं. मग थोडं थांबून तिने विचारलं, पेशंटचं वजन किती आहे?

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, सांग वजन.